चीनमधल्या गड्याची गोष्ट

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, त्या पावसाळ्यात मी कॉलेजात इतिहास शिकत होतो. कोळपणीच्या दिवसांत झरीजवळच्या आमच्या रानात असायचो. आमच्याकडे तीन सालगडी होते. त्यांतला एक ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी त्याला अरेतुरे करी. तो मला मालक म्हणे.

वडिलांचा एक नियम होता. बैलांच्या मानेवर जू पडायच्या आत गडी हजर पाहिजे. उशीर झाला तर रिकामं जू त्याच्या खांद्यावर ठेवून दिवस मावळेपर्यंत बांधावर उभं करायचे. घटकाभर उशीर असो की अर्धा दिवस, शिक्षा तीच. लहानपणापासून पाहत आल्यामुळे मला त्यात वावगं दिसत नव्हतं.

एकदा भाकरी खाताना मी शहाणपणा दाखवायला गड्यांना पुस्तकातली गोष्ट सांगितली. दोन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये दुसऱ्याच्या रानात राबणारा एक गडी होता. बादशहानं त्याला नऊशे लोकांबरोबर सरहद्दीवर पाठवलं. वाटेत पावसानं रस्ते बुडाले. उशिरा पोचणाऱ्याचं मुंडकं उडवायचा कायदा होता. तो सोबत्यांना म्हणाला, गेलो तरी मरण, बंड केलं तरी मरण. मग बंडच करू.

"म्हंजी तुमच्या वडलासारखं मानूस चीनमंदीबी हुतं म्हना की," वस्तीतला गडी म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. "मंग पुढं काय झालं त्याचं?"

"पुढचं वाचायचंय अजून," मी म्हणालो.

आठवड्यानं वरच्या बाजूला पाऊस झाला आणि ओढ्याला पाणी आलं. आमच्याकडे उघाड होती, रान कोळपणीला आलेलं. तिघांचीही घरं ओढ्यापलीकडे, ते तिकडेच अडकले. पाणी ओसरेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मी अलीकडच्या काठावर होतो. तेव्हा वस्तीतला गडी म्हणाला, "आता गेलं तरी जू, उद्या गेलं तरी जू. मंग आज कायला जायचं?" तिघं माघारी फिरले. आमच्या रानात असं कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी बाकीचे दोघं येऊन वडिलांच्या पाया पडले. त्यांच्यादेखत वडिलांनी मला विचारलं, "ही अक्कल कुनाची?"

गोष्ट माझी होती. मी तसं म्हटलं असतं तर एखादी थप्पड बसली असती, तेवढंच. पण मी वस्तीतल्या गड्याचं नाव घेतलं. ते खोटं नव्हतं, म्हणून माझी जीभ अडखळली नाही.

त्या दिवसांत ठरावाच्या रागानं गावोगाव बौद्ध वस्त्यांवर हल्ले होत होते. वडिलांना निमित्तच हवं होतं. सकाळी भावकीतली दोन माणसं त्याला धरून घेऊन आली. एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला तो, असं जू ठेवलं आणि दोराने त्याच्या छातीशी आवळलं.

"विद्यापीठ पायजे व्हय रं तुला?" वडील म्हणाले. "हे घे विद्यापीठ."

मग माझ्याकडे वळले. "धर कासरा."

मी धरला. पहिलं तास, रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कसंबसं गेलं. तो पडे, बैल त्याला ओढत नेई, वडील थांबवून विचारत, "कुनी शिकवलं? नाव सांग, सोडतो."

त्यानं मान उचलून माझ्याकडे पाहिलं. मी बैलाच्या शिंगांकडे पाहू लागलो.

"कुनी न्हाई," तो म्हणाला. "माझं मलाच सुचलं."

दुसऱ्या तासाच्या वळणावर बैल झटक्यात फिरला. जू पिळलं आणि खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. वाळलेली तुराटी मोडावी तसा. कासरा तेव्हाही माझ्याच हातात होता.

पंधरा दिवसांनी तो बायकोच्या माहेरी, पाथरीकडे निघाला. मी एसटीच्या थांब्यावर गेलो होतो. कबूल करायला गेलो होतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. त्याचा हात धोतराच्या फडक्यानं गळ्यात बांधलेला होता. बायको माझ्याकडे पाठ करून गाठोड्यावर बसली होती.

"मालक," तोच बोलला, "त्या चीनमंदल्या गड्याचं पुढं काय झालं, सांगितलंच न्हाई तुमी."

"नाही वाचलं अजून," मी म्हणालो.

मी वाचलं होतं. त्याला बादशहाच्या फौजेनं मारलं नव्हतं. त्याच्याच गाडीवानानं मारलं होतं.