निडीच्या प्रार्थनेत मी जे मागितलं...

देवाधर्माशी माझं कधीच जमलं नाही. पंचवीस वर्षं गणपतींचे डोळे आखले, पण त्यातल्या एकाही डोळ्याने माझ्याकडे पाहिलंय असं मला वाटलं नाही. कोणी चमत्कार सांगायला लागला की मी उठून चहाला जायचो. तरी हे माझ्याच बाबतीत घडलंय, आणि यातला माझा भाग चांगला नाही. तोही लिहितो.

मी पेणचा, आखणी कारागीर. मूर्तीचं बाकी काम चारजण मिळून करतात, डोळे मात्र एकाच हाताने आखायचे. हात हलला की मूर्तीची नजर गेली. बारा-तेरा वर्षांपूर्वी ऐन सीझनमध्ये माझा उजवा हात थरथरायला लागला. पेणच्या डॉक्टरांनी पनवेलला पाठवलं, पनवेलवाले म्हणाले रिपोर्ट नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल, आणि हातात चहाचा कप राहीना.

माझा चुलतभाऊ दिलीप. ब्रश कसा धरायचा तेही त्याला मी शिकवलं. त्याने कारखान्या-कारखान्यांत जाऊन सांगितलं — "दादा पिऊन आखणीला बसायचा, म्हणून बाप्पानं हात काढून घेतला." मी कधी थेंबाला शिवलेलो नाही. पण आखणीवाल्याबद्दल असं एकदा बोललं गेलं की कोणताही मालक त्याला मूर्तीसमोर बसवत नाही. माझ्या पाटावर दिलीप बसला, मी घरी बसलो. घरी बसून मी एकच काम केलं — याचं वाटोळं कसं होईल याचा विचार.

आमच्या कारखान्यात मूर्ती घासायला पार्वतीबाई यायची, निडीजवळच्या वाडीवरची. ती येशूची प्रार्थना करायची. एकदा घरी येऊन म्हणाली, "दादा, रविवारी चला आमच्याकडं. काय नाय झालं तर गाडीभाडं गेलं समजा."

बायको म्हणाली, "जावा. नायतरी घरात बसून दातओठच खाताय."

निडी स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालत. पत्र्याच्या छपराची खोली, सतरंजी, वीसेक माणसं. सकाळचे अकरा वाजले असतील. पास्टर रोह्याहून मोटारसायकलवर यायचे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मनात खरं असेल ते मागा." सगळेजण एकदम मोठ्याने प्रार्थना करायला लागले. मी खरं तेच मागितलं. "माझा हात दे आणि दिलीपचा घे." तीन वेळा, शब्दन् शब्द हेच.

आणि हात थांबला. मुंग्या नाहीत, उजेड नाही, काही नाही... गॅस बंद केल्यावर आधण थांबतं तसा थांबला. मी पास्टरांच्या वहीच्या मागच्या पानावर डोळा काढला. एका रेषेत. पार्वतीबाई रडायला लागली.

त्यांच्यात रीत आहे — बऱ्या झालेल्याने उभं राहून साक्ष द्यायची, काय मागितलं आणि काय मिळालं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पोराबाळांच्या पोटासाठी हात मागितला." सगळे आमेन म्हणाले.

पुढच्या सीझनला मालकासमोर डोळा आखून दाखवला, त्याने मला परत बसवलं. लोक चिडवायचे, "येशूकडनं हात आणून गणपतीचे डोळे उघडतो." चिडवू देत! दिलीपला पितांबर रंगवायला दिला होता. माझे ब्रश मी मुद्दाम त्याच्याकडून धुऊन घ्यायचो. फार बरं वाटायचं. दर रविवारी निडीलाही जायचो, भक्ती म्हणून नाही — राहिलेल्या अर्ध्या मागणीसाठी.

त्याच वर्षी गणपती झाल्यावर दिलीपच्या आठ वर्षांच्या मुलीला ताप आला. ताप उतरला, पण पाय गेले. डॉक्टर थकले तेव्हा तो तिला पाठीवर घेऊन निडीला आला. दोन रविवार काहीच झालं नाही. तिसऱ्या रविवारी त्याने मला दाराबाहेर गाठलं.

"दादा, तुला पयल्याच येळेस मिळालं. माझंच मागायचं चुकतंय कायतरी. तू कुठल्या शब्दांत मागितलंस तेवढं सांग, मी तसंच मागतो."

आयताच सापडला होता. मी त्याच्या तोंडावर सांगितलं, "माझा हात दे आणि दिलीपचा घे. असं मागितलं."

वाटलं, आता हा अंगावर येईल नाहीतर रडेल. मला दोन्ही चाललं असतं. त्याने फक्त विचारलं,

"एवढंच?"

"एवढंच."

तो आत गेला, मुलीच्या पायांवर हात ठेवले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हिचे पाय दे आणि माझा हात घे. दोन्ही घेतलेस तरी चालंल."

मी दारातच उभा होतो. मी त्या पोरीसाठी काही मागितलं नाही. मागायला हवं होतं, हे घरी आल्यावर कळलं.

मुलीच्या पायांत त्या दिवशी काही फरक पडला नाही. पुढे मालिश-व्यायामाने जेमतेम उभी राहिली; आज ती विशीत आहे, काठी घेऊन चालते. दिलीपचा हात धडधाकट आहे. पास्टरांना मी पुढे खरी साक्ष सांगितली. ते म्हणाले, "मलाही नाही कळत."

दिलीपला मी अजून माफ केलेलं नाही. पण आता जास्त राग ज्याने माझं ऐकलं त्याच्यावर आहे. माझं विषारी मागणं ऐकू आलं, मग त्या बापाचं का नाही? बारा वर्षं हाच विचार करतोय. दिलीपची पोर काठी टेकत कारखान्यावरून जाते तेव्हा मी माझ्या हाताकडे बघतो. निदान तेव्हा तरी थरथरावा.

नाही थरथरत.