पुनवेची सुट्टी

२०१६ साल. शाळेच्या दाखल्यावर माझं वय एकसष्ट. शाळा तिसरीपर्यंतच, पण दाखला जपून ठेवलेला आहे.

लातुरात एका क्लासची गाडी मी चालवत होतो. भूकंपाआधी माझी स्वतःची जीप होती, किल्लारी ते लातूर. पुढं लातुरात क्लास वाढत गेले, गल्लोगल्ली बाहेरगावच्या पोरांच्या खोल्या झाल्या, अन् मी क्लासच्या गाडीवर लागलो. सरांनी नांदेडलाही शाखा काढली. मग रोजची भांडणं. गाडी एक, बोलावणारी गावं दोन.

म्हणून सरांनी नांदेडहून एक इंजिनिअर आणला. त्यानं ऑफिसच्या ईमेलच्या सर्व्हरवर सगळ्यांचं मिळून एक कॅलेंडर बसवलं. कोण कुठं आहे, कोणता हॉल कधी रिकामा आहे, हे दोन्ही गावांत एकदमच दिसणार. त्यासाठी प्रत्येकाला ईमेल पाहिजे. मला म्हणाला, मामा, तुमचाही काढून देतो, तुमच्या वतीनं ऑफिसातल्या मॅडम बघत जातील. मी नको म्हणालो. पेटी माझी अन् किल्ली दुसऱ्याकडं, असली पेटी मला कशाला? त्यानं लई समजावलं, मी हललो नाही. शेवटी त्यानं हॉल अन् प्रोजेक्टरच्या रांगेत ‘गाडी’ असं टाकलं, अन् मी त्या गाडीत धरला गेलो. गाडी रिकामी दिसली की कुणीही काम टाकायचं, कॅलेंडर आपोआप होकार देणार. मला विचारायचं कारण नाही.

मी एकच गोष्ट मागून घेतली. भादव्याच्या पुनवेला गाडी चालणार नाही.

भूकंप झाला तो गणपती बुडवल्याच्या रात्री, उजाडायच्या आधी. आमची पोरगी सात वर्षांची होती. मिरवणुकीतून आली अन् केसांतला गुलाल तसाच ठेवून झोपली. गाव तो दिवस तारखेनं पाळतं, भाषणं होतात. आम्ही दोघं तिथीनं पाळतो. जुन्या गावात आमचं घर होतं त्या जागी पुनवेला तिचं पान वाढून ठेवतो. आता तिथं सगळ्या वेड्या बाभळी माजल्यात. कोणता ढीग कुणाच्या घराचा, ते ओळखू येत नाही. बायकोला बेशुद्धच बाहेर काढलं होतं, तिनं तो ढीग तेव्हा पाहिलाच नाही. दगड मी उपसले होते. जागा मला माहीत.

इंजिनिअरनं तारीख विचारली. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून मी सोळा सप्टेंबर सांगितली. दर वर्षी ना, म्हणाला. मी म्हणालो, दर वर्षी. त्यानं बटण दाबलं. खरं सांगतो, बरं वाटलं. पुनवेसाठी आता कुणापुढं तोंड वेंगाडायला नको. भिंतीवरचं कॅलेंडर त्याच आठवड्यात उतरवलं, आता त्याचं काय काम म्हणून.

त्या वर्षी पान वेळेवर ठेवलं.

पुढच्या वर्षी पुनव दहा दिवस अलीकडं आली. तिथी सरकते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. मशीनलाही कळत असेल असं मी धरून चाललो. एकदा सांगितलेलं परत सांगत बसायची मला सवय नाही. बायको नव्या गावात राहते, तिला फोन करून सांगितलं, स्वयंपाक करून ठेव, सकाळच्या एसटीनं निघतो.

पुनवेच्या सकाळी किल्ली ठेवायला ऑफिसात गेलो, तर मॅडमनी पेपरचे गठ्ठे पुढं केले. नांदेडला परीक्षा होती.

“आज पुनव हाय,” मी म्हणालो.

“तुमची सुट्टी सोळाला आहे, मामा. हे नांदेडवाल्यांनी कालच टाकलंय. गाडीनं हो म्हटलंय.”

“गाडीनं?”

त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. खोटं बोलत नव्हत्या.

सरांना फोन लावून दिला. सर रागावले नाहीत. म्हणाले, सोळाला एकाऐवजी दोन दिवस घ्या. तुमच्या गावचा कार्यक्रम तर तीस तारखेला असतो, मग तुम्हाला सहा काय अन् सोळा काय. वर म्हणाले, जमत नसेल तर सांगा, भाड्याची गाडी बघतो.

माझ्या हातात किल्ली असताना त्या क्लासला कधी भाड्याची गाडी बघावी लागली नव्हती. मी गठ्ठे गाडीत ठेवले. बायकोला फोन केला. ती “बरं” म्हणाली.

पेपर वेळेत पोचले. नांदेडहून परत लातूर, अन् तिथून किल्लारी. पोचेपर्यंत दिवस मावळला होता. बायको नव्या घराच्या पायरीवर बसली होती. शेजारी टोपली, वर फडकं. तिच्या दोन्ही हातांवर बाभळीचे ओरखडे होते. दुपारभर माझी वाट बघून ती एकटीच जुन्या गावात जाऊन आली होती.

“मला आपलं घर घावलं न्हाई,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या ढिगावर ठिवू वाटंना.”

मी म्हणालो, चल, आत्ता जाऊ.

“आता दिस बुडाला.”

तिनं टोपली उचलली अन् शेजाऱ्याच्या गाईपुढं रिकामी केली. खीर तेवढी गाईनं खाल्ली नाही. आम्ही दोघंही जेवलो नाही. तिनं मला एका शब्दानं टोचलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या पुनवेचं ती काही बोलली नाही, अन् मीही विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपनं लातूर गाठलं. मॅडम नुकत्याच येऊन बसल्या होत्या. मी म्हणालो, सोळाची सुट्टी काढून टाका. त्यांना वाटलं मी सरांवर रुसलो. म्हणाल्या, राहू द्या मामा, घरी जाऊन या. मी परत म्हणालो, काढा. त्यांनी माउस हलवला अन् थांबल्या. मशीन त्यांना काहीतरी विचारत होतं.

“फक्त यंदाची काढू, का पुढच्या सगळ्याच?”

सगळ्याच, म्हणालो, अन् गाडी पुसायला खाली गेलो.