नळाची वाटी

शाळेतून फोन आला तेव्हा मी वाटाणे सोलत होते. "वसुधाबाई वर्गात पडल्या, तुम्ही लगेच या." आम्ही पोचलो तोवर सगळं संपलं होतं... तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. वाटलं, कुणी भेटायला आलं असेल. दारात शाळेचा शिपाई. मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, रागावू नका. मोठ्या बाईंनी लॅपटॉप मागितलाय. शाळेचा आहे ना." घरात अजून शेजारचेच डबे येत होते. मी लॅपटॉप फडक्याने पुसून त्याच्या हातात दिला. का पुसला, कुणास ठाऊक.

वसुधा माझी मोठी नणंद. नवऱ्याचं घर सोडून आल्या त्या बोरिवलीला आमच्याकडेच राहिल्या आणि कांदिवलीच्या शाळेत विज्ञान शिकवत राहिल्या. मी त्यांना वन्सं म्हणायची. निवृत्ती जवळ आली असताना शाळेने फर्मान काढलं, की धडे आता कम्प्युटरवर चौकटी, वर्तुळं, बाण जोडून मांडायचे आणि मुलांनी त्याच पानावर आपापली भर घालायची. बाकीच्या बाई तयार आकृत्या उचलून मोकळ्या झाल्या. वन्सं मात्र हट्टाने शिकल्या. पण पडद्यावर त्यांना सुचायचं नाही. म्हणून आधी आमच्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर मांडामांड व्हायची. चौकटींच्या जागी स्टीलच्या वाट्या, बाणांच्या जागी झाडूचे हीर. समोर मला बसवायच्या.

"वहिनी, तुला कळलं तर माझ्या पोरांना कळेल."

"म्हणजे मी चौथी पास, ढ, असंच ना?"

"ढ कसली गं! नाही कळलं की तुझं तोंड लगेच एवढंसं होतं. पोरं नुसती माना डोलावतात, लबाड मेली."

एकदा पाण्याचं चक्र मांडलं होतं. समुद्र, वाफ, ढग, पाऊस, नदी, तलाव आणि पुन्हा समुद्र. मी बराच वेळ बघत बसले. माझं लहानपण घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत गेलं. पाणी खालच्या नळावरून आणावं लागे. चौथीनंतर माझं दप्तर सुटलं आणि हंडा आला. मी म्हटलं, "वन्सं, तलावातून थेट समुद्रात? आणि आमचा नळ कुठाय?" त्या खळखळून हसल्या. "अगं, खरंच की! नळच विसरले." कोपऱ्यातली पोचा पडलेली वाटी उचलून त्यांनी तलावापुढे ठेवली. नळ, मग हंड्यांची रांग, मग मोरी, गटार आणि समुद्र. तेव्हापासून आमच्या घरात ती वाटी म्हणजे नळ.

आकृतीच्या खाली करणाऱ्याचं नाव घालायची जागा असते. तिथे त्या 'सहावी ब' एवढंच लिहीत. मी विचारलं, "तुमचं नाव?" म्हणाल्या, "मी काय केलंय? पोरांनी भरलंय सगळं." हा मोठेपणा मला तेव्हाही पटला नव्हता. आता तर त्याचा रागच येतो.

शाळेतलं नेट बंद पडलं त्या दिवशी त्यांनी वाट्याच पिशवीत घालून वर्गात नेल्या. मोठ्या बाई दारातून म्हणाल्या, "वसुधाबाई, शाळा आहे ही, भातुकली नाही." पोरांसमोर. त्या रात्री वन्सं जेवल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात शाळेत प्रदर्शन होतं. आधी वन्संच्या फोटोला हार, म्हणून आम्हाला बोलावलं होतं. मोठ्या बाई माइकवरून म्हणाल्या, "वसुधाबाईंना नव्या तंत्राची केवढी आवड! आम्ही नेहमीच त्यांना प्रोत्साहन दिलं." फोटोतल्या वन्सं हसतच होत्या... मग पडद्यावर आकृत्या सुरू झाल्या. पाण्याचं चक्र आलं. अक्षरं इंग्रजी, पण तलावापुढे नळ होता, नळापुढे हंड्यांची रांग होती. खाली 'सहावी ब' नव्हतं. एका नव्या बाईंचं नाव होतं, असं ह्यांनी वाचून सांगितलं; त्या पडद्याशेजारीच उभ्या होत्या.

चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तरी मी त्या बाईंजवळ गेले. "हे आमच्या वन्संचं आहे."

"हो का काकू? जुन्या अकाउंटमध्ये मिळालं, बाईंचं नाव नव्हतं ना कुठे. आणि आता काय, सगळं शाळेचंच. तो नळ पाहिलात? मुलांना जाम आवडलाय!"

त्या हसून पुढच्या पाहुण्यांकडे वळल्या. हे माझा दंड धरून म्हणाले, "चल, तमाशा नको." मी एकच वाक्य बोलले होते, त्याचाही तमाशा.

काल ह्यांनी मांडणीवरून ती पोचा पडलेली वाटी काढली. "ही भंगारात टाक गं." मी ती हातातून घेतली, पदराआड धरली आणि स्टेशनजवळ भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे गेले. त्याने वाटी उलटसुलट केली.

"अहो ताई, नव्या भांड्यावर घालतात नाव. हिच्यावर कशाला?"

"घाला."

"काय घालू? कुणाकडून, कुणाला?"

"वसुधा. एवढंच."

त्याचं यंत्र करकरायला लागलं. मी समोर उभी राहून एकेक अक्षर खोल जाताना पाहिलं. म्हटलं, अजून जरा दाबून घाला.