हिराबाईच्या पेटीत कोणाकोणाची मासळी

“म्हणजे आपल्या पेट्यांनी काहीच केलं नाही?” केतनभाईंनी माझा रिपोर्ट टेबलावर ठेवला, त्यावर चष्मा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“रिपोर्ट तसं म्हणतोय,” मी म्हटलं.

“आणि तुम्ही काय म्हणताय?”

मी घड्याळाकडे पाहिलं. मला भूक लागली होती.

केतनभाई एका कौटुंबिक फाउंडेशनचं काम बघतात आणि मी इम्पॅक्ट इव्हॅल्युएटर. बेव्हर्ली पार्कमधल्या माझ्या सोसायटीत हा धंदा अजून कोणाला कळलेला नाही. शेजारच्या काकू ‘ती सर्व्हे करते’ एवढ्यावर भागवतात. खरं तर काम सोपं आहे. अमुक इतक्या वस्तू वाटल्या, हे झालं आउटपुट. त्या वस्तूमुळे घेणाऱ्याच्या आयुष्यात काय बदललं, तो इम्पॅक्ट. आउटपुटचा फोटो निघतो. इम्पॅक्टचा निघत नाही, म्हणून मला बोलावतात.

फाउंडेशनने नवघरच्या बाजारातल्या मासे विकणाऱ्या बायकांना बर्फाच्या मोठ्या, जाड पेट्या दिल्या होत्या. फुटक्या थर्माकोलच्या खोक्यात मासळी टिकत नाही. मग बाजार उठताना ती पडेल भावात द्यावी लागते. नव्या पेटीत ती दुसऱ्या दिवसापर्यंत राहते. पण पेट्या सगळ्यांना पुरणार नव्हत्या, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्या जणींना पेटी मिळाली. उरलेल्या निम्म्या आमचा कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला गट. पेटीमुळे फरक पडला असं दिसलं, की त्यांनाही पेट्या द्यायच्या, असं ठरलं होतं.

फरक पडला होता. बायका आता मासळी सहसा पडेल भावात देत नव्हत्या. पंचाईत एवढीच होती, की पेटी न मिळालेल्यासुद्धा देत नव्हत्या. दोन्ही गट सारखेच सुधारलेले.

“मग सीझन चांगला असेल,” केतनभाई म्हणाले. “पेटी नसती तरी हेच झालं असतं. बाकीच्या पेट्या कॅन्सल करू या.”

हिशेब बरोबर होता. तरी मला तो पटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फॉर्म-बिर्म घरी ठेवून, पिशवी घेऊन बाजारात गेले.

हिराबाई आणि रंजना शेजारी शेजारी बसतात. हिराबाईला पेटी मिळाली होती, रंजनाला नव्हती. दोघींचं नातं म्हणाल तर उघड वैर. मी रंजनाच्या बोंबलांकडे पाहिलं मात्र, हिराबाईने हाक मारली, “ए बाय, ते नको घेव, इकडं ये, माजं बघ कसं ताजं हाय.”

“माजं काय शिळं हाय गं?” रंजना कडाडली. मग शांतपणे वाकली, हिराबाईची पेटी उघडली, आतून स्वतःची सुरमई काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

मी सुरमईकडे बघतच राहिले.

“मावशी, ही पेटी कोणाची?”

“माजी,” हिराबाई म्हणाली. “तुमीच तं दिली.”

“आणि मासळी?”

“अर्धी माजी, अर्धी तिची.”

“अहो, मग सर्व्हेत सांगितलं का नाही?”

रंजनाने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “तुमी इचारलंत, पेटी भेटली का? मी बोलली, न्हाय भेटली. खोटं बोलली का?”

बाजारभर फिरले. जिथे पेटी होती, तिथे तिच्यात शेजारणीचा माल होता. गिऱ्हाईक पळवायचं, पण मासळी नासू द्यायची नाही, असा यांचा रिवाज. तो आमच्या चिठ्ठ्यांना कोणी सांगितला नव्हता. मी हिराबाईला समजावलं, की तुम्ही रंजनाला जागा दिलीत म्हणून पेटीचा फरक दिसला नाही, आणि आता तिला स्वतःची पेटी मिळणार नाही.

हिराबाईने कोयती खाली ठेवली. “मंग काय करू? तिची मासळी नासवून दाखवू तुमाला?”

मला तिचा फार अभिमान वाटला आणि स्वतःच्या डिग्रीचा जरा राग आला.

मग काशीगावच्या बाजूला गेले. तिथल्या बाजारात आम्ही एकही पेटी दिली नव्हती. सीझन तोच, मासळी तीच, आणि तरी बाजार उठताना ती पडेल भावातच जात होती. म्हणजे नवघरमधली सुधारणा सीझनची नव्हती, पेट्यांचीच होती.

केतनभाई खूश झाले. पण मीटिंगमध्ये त्यांच्या एका ट्रस्टीने नेमका प्रश्न काढला. “एका पेटीत दोघींचं भागतंय ना? मग दुसरी कशाला?”

मी हाच प्रश्न हिराबाईला विचारून ठेवला होता. “भागत नाही सर. माल जास्त आला, की हिराबाई स्वतःचा बाहेर काढते आणि पडेल भावात देते. आपण रंजनाला न दिलेल्या पेटीचा खर्च ती सोसतेय.”

केतनभाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सही केली.

पेट्या पोचल्यावर पाहणीला गेले. रंजनाची नवी पेटी तिच्या जागेशेजारी दिमाखात बसली होती. हिराबाई नेहमीप्रमाणे तिचं गिऱ्हाईक ओढत होती. सगळं ठीक होतं. मी रंजनाला पेटी उघडायला सांगितली. वर तिचे पापलेट होते. खाली एका ओल्या फडक्यात कोळंबी गुंडाळलेली.

“ही कोणाची?”

रंजनाने पलीकडे नव्यानेच बसायला लागलेल्या एका बाईकडे हनुवटीने खूण केली. “तिचं नाव तुमच्याकडं न्हाय. इचारू नका.”

तेवढ्यात केतनभाईंचा फोन आला. “मॅडम, आता प्रत्येकीला एक पेटी ना? हिशेब क्लिअर?”

“पेट्यांचा क्लिअर आहे,” मी म्हटलं. “बायकांचा लागायला वेळ लागेल.”

तेव्हापासून मी कोणालाही ‘तुम्हाला मिळालं का’ असं विचारत नाही. आधी झाकण उघडायला सांगते.