दुसरीचा आवाज

आमच्या ह्यांना ऐकू यायला लागलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. लिहिताना लाज वाटायला पाहिजे, पण वाटत नाही.

चारठाण्यात आमचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. मी लग्न होऊन आले तेव्हाच ह्यांना कमी ऐकू यायचं. लहानपणापासून कान वाहायचे. ठणका लागला की सासूबाई तेलात लसूण कडकडीत तळायच्या, तेल कोमट झालं की कानात सोडायच्या आणि वर कापसाचा बोळा कोंबायच्या. आमच्याकडं घरोघर हेच औषध. पडद्याला भोक असेल तर त्या तेलानं कान आणखी चिघळतो हे आम्हाला सांगणारं कुणी भेटलं तोवर दोन्ही कान गेल्यात जमा होते.

मग ह्यांचे कान मीच झाले. गिऱ्हाईक काय मागतंय ते मी ओरडून सांगायची. फोन मी घ्यायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ‘ऐकलं का’ म्हणून हाक मारायची, ही आमची रीत. ज्याला ऐकू येत नाही त्यालाच दिवसभर ‘ऐकलं का’ म्हणते म्हणून गल्ली हसायची, मीही हसायची. खरं तर मला ते फार आवडायचं. जावांना त्यांचे नवरे बाहेर कुणाशी काय बोलून येतात याचा पत्ता नसायचा. माझ्या नवऱ्याच्या कानात जे जायचं ते माझ्या तोंडून जायचं.

परभणीच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडं ह्यांना मीच नेलं, म्हणजे पायावर धोंडा मीच पाडून घेतला. बाई तरुण, तोंडाला कायम मास्क, आणि आवाज हळू. स्टीलचा दोन दातांचा, घुमणारा काटा स्वतःच्या कोपरावर आपटून त्यांनी ह्यांच्या कानामागं टेकवला, मग काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. हे कितीतरी वेळ नुसते बसून होते. दुर्बिणीतून बघितल्यावर बाई म्हणाल्या, नस चांगली आहे, पण दोन्ही पडद्यांना भोकं आहेत. जास्त खराब कानाचं ऑपरेशन आधी करू, दुसऱ्याचं पुढं बघू. कानाच्या वरून पातळ पापुद्रा काढून पडद्याला ठिगळ लावायचं.

ऑपरेशन झालं. पुढं सगळं मी सांभाळलं. नाक जोरात शिंकरायचं नाही, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, आंघोळीला व्हॅसलीनचा कापूस लावायचा. काही आठवड्यांनी बाईंनी कानातली पट्टी काढली, ह्यांच्या पाठीमागं जाऊन उभ्या राहिल्या आणि हळूच विचारलं, काका, कसं वाटतंय? हे वळले आणि हसले. तसं हसू मी माझ्या संसारात बघितलं नव्हतं. अंगाचा तिळपापड झाला, तरी मी बाईंचे आभार मानले.

परतीच्या एसटीत हे म्हणाले, “लय ग्वाड आवाज हाय म्याडमचा.” जिंतूर येईपर्यंत दोनदा म्हणाले. मी माझ्या नेहमीच्या आवाजात उत्तर दिलं तर कानावर हात ठेवून म्हणतात, “एवढं कामून वरडायलीस?”

अख्खी एसटी माझ्याकडं बघायला लागली. मी खिडकीकडं तोंड केलं.

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. आमच्याकडं वैद्य राहिला सुखात आणि मेले मी. हे फोन स्वतः घ्यायला लागले. गिऱ्हाइकाशी कापसाच्या भावावर तासभर बोलत बसायला लागले. लोक म्हणायचे, वहिनी, तुमाला आता आराम. आराम कसला, मी त्या फोनवर जळायची, गिऱ्हाइकांवर जळायची, आणि सगळ्यात जास्त जळायची ती परभणीच्या त्या हळू आवाजावर. मनात आलं ते सगळं ह्यांच्यावर ओरडून काढायची. घसा आधीच फुटका झालेला, फोनवर लोक मला दादा म्हणायचे. आता तर शब्द अर्ध्यातच विरायचा.

पुढच्या तपासणीला बाईंनी तो आवाज ऐकला आणि मलाच खुर्चीत बसवलं. घशात बारीक कॅमेरा घालून स्क्रीनवर दाखवलं. आवाजाच्या पट्ट्यांवर दोन्हीकडं छोट्या गाठी होत्या. खुरप्यानं हाताला घट्टे पडतात तसे ओरडून गळ्याला पडतात, म्हणाल्या. इतकी वर्षं कुणाशी एवढं मोठ्यानं बोलता? मी ह्यांच्याकडं बघितलं. हे स्क्रीनकडं बघत होते.

ऑपरेशनची गरज नव्हती. एक आठवडा तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, घोट घोट पाणी प्यायचं. मग हळू बोलायला शिकायचं. जिच्यावर मी जळत होते तिनंच मला मुकं केलं. तो आठवडा मी दुकानात दगडासारखी बसले. हे फोनवर खळखळून हसायचे आणि कोण होतं हे विचारायचीही मला सोय नव्हती. एकदा सर्दी झाली म्हणून ह्यांनी बाईंना फोन लावला. ऐकून घेताना चेहरा असा की प्रसाद घेताहेत. माझ्या हातातलं माप सुटलं आणि बी जमिनीवर सांडलं. माझा आवाज गेलाय याची ह्यांना खंत तरी आहे का, हेच मला कळत नव्हतं.

आठवडा संपल्यावर परत परभणी. हे स्टुलावर बसून खाली मान घालून पिशवीत माझे कागद लावत होते. बाई मला म्हणाल्या, आता बोला, पण मांडीवरच्या लेकराशी बोलतो तसं बोला. मी घाबरले होते. दम घेतला आणि हळूच म्हणाले, “काय बोलू?”

ह्यांनी मान वर केली ती बाईंकडं. नीट ऐकणारा कान एकच असला की आवाज कुठून आला ते कळत नाही, आणि बाईंच्या तोंडाला मास्क. चेहऱ्यावर तेच हसू.

“बोला की म्याडम. लय ग्वाड लागायलंय.”

बाईंनी मास्क खाली ओढला. “मी नाही बोलले काका. काकू बोलल्या.”

हे माझ्याकडं वळले. हसू अजून पुसलं गेलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं हळू बोलणं ह्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. हे स्टूल ओढत माझ्याजवळ आले, ऑपरेशनचा कान माझ्या तोंडाशी आणला आणि म्हणाले, “आजून बोल.”

ते हसू निघालं होतं दुसरीसाठी, हे मला माहीत होतं. तरी मी बोलत राहिले, बाईंनी थांबवेपर्यंत.