मोरीकडून दोन बोटं

दारव्ह्यात इंद्रजित राठोडला सगळे वस्ताद म्हणत. सगळे म्हणजे कोण, तर त्याच्याच पूलच्या टेबलाभोवती दिवस काढणारी रिकामटेकडी पोरं. त्याची बायको संगीता त्या 'सगळ्यां'त नव्हती. ती त्याचे शर्ट धुवायची. प्रत्येक शर्टाच्या खिशात स्टिकच्या टोकाला घासायच्या निळ्या खडूचा चुरा असायचा आणि त्याचा डाग कशानं म्हणून निघत नसे. अशा माणसाचं कौतुक करायला जीभ वळायची कशी?

मुळात ते टेबल जिथं होतं तो हॉलच तिचा. माहेरून मिळालेल्या जागेवर तिनं तो मिरची कांडपासाठी बांधून घेतला होता. कांडपाची जागा वरचेवर धुवावी लागते, म्हणून गवंड्याच्या मागे उभं राहून तिनं फरशीला मोरीच्या बाजूनं चांगला ढाळ द्यायला लावला होता. कांडपाचं मशीन यायच्या आधीच नवरोबा नागपूरच्या कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातलं टेबल ट्रकवर घालून घेऊन आले. "थोडे दिवस राहू दे," म्हणाले. ते थोडे दिवस काही सरेनात. गावातल्या बायका मिरच्या कुटायला दिग्रसला जायच्या आणि संगीता स्वतःच्या हॉलमध्ये बसून पोरांचे उष्टे चहाचे ग्लास उचलायची.

इंद्रजितचा थाट मात्र विचारू नका. स्वतःची वेगळी स्टिक, दोन तुकड्यांची, मखमलीच्या पेटीत निजवलेली. डाव्या हातात तीन बोटांचा काळा मोजा. खेळायच्या आधी तो स्टिक टेबलावर लोळवून ती वाकडी तर झाली नाही ना, हे बघायचा. स्टिक सरळच असायची. टेबल तिरपं होतं, ते बघायला त्याला सवड नव्हती.

शिकवायची हौस दांडगी. "पाय रोवा. हनुवटी स्टिकवर आणा. हात कोपरापासून हालला पाह्यजे, खांदा नाही. बॉल मारला की लगेच उठू नका." इथवर ठीक. मग भूत यायचं. जो बॉल पाडायचा त्याला पॉकेटाच्या उलट बाजूनं चिकटून आणखी एक बॉल आहे असं मनात धरायचं, आणि पांढरा बॉल नेमका त्या जागी नेऊन बसवायचा. याला तो भुताचा बॉल म्हणे.

"रिकाम्या जागी बॉल दिसला पाह्यजे," तो बोट नाचवून सांगायचा.

"आमच्या तांड्यावर असं दिसाले लागलं का भगताकडे नेतात," संगीता गल्ल्यावरून म्हणायची.

हा भुताचा नेमही खराच होता. सोंग पुढे होतं. फरशीला ढाळ, म्हणून टेबलाला ढाळ, म्हणून हळू सोडलेला बॉल मोरीकडे सरकायचा. शहाण्या माणसानं टेबलाच्या पायाखाली पत्र्याचा तुकडा सारला असता. या वस्तादानं शास्त्र काढलं. 'मोरीकडून दोन बोटं!' पॉकेटाच्या मधोमध नेम धरायचाच नाही, मोरीपासून दोन बोटं लांब धरायचा. हळू मारायचं असेल तर तीन. पोरांनी हे पाढ्यासारखं पाठ केलं.

"अहो, फरशीले ढाळ आहे. म्याच द्याले लावला," संगीतानं कितीदा सांगितलं.

"तुले काय समजते त्यातलं? बॉलले कट असते," तो म्हणायचा, आणि पोरं मान डोलवायची.

मग यवतमाळला जिल्ह्याची स्पर्धा लागली आणि इंद्रजितच्या अंगात आलं. भर हॉलमध्ये, पोरांसमोर, छाती ठोकून बायकोला म्हणाला, "तिथं हरलो तर हा हॉल तुझा. टाक मंग तुझं कांडप!"

संगीतानं सेवालाल महाराजांपुढे दिवा लावला. नवरा जिंकावा म्हणून नव्हे.

यवतमाळात वस्ताद पहिल्याच खेळात आडवे झाले. समोरच्यानं क्लबाचीच घासलेली स्टिक उचलली आणि हसत-खेळत बॉल पाडत गेला. वस्तादांचा प्रत्येक बॉल पॉकेटाच्या कडेला थडकून परत आला, बरोबर दोन बोटांनी हुकून. हा दर वेळी स्टिकच्या टोकाला खडू घासायचा, जणू चूक खडूचीच.

घरी आला तो मिशीला पीळ देतच. "तिथलं टेबलच तिरपं! तिरप्या टेबलावरची हार हार नसते." सोबत गेलेला अमर, पट्टशिष्य, आईची शपथ घेऊन म्हणाला, "तिरपंच होतं, काकू." वर इंद्रजितनं दवंडी पिटली की येत्या रविवारी तेच सगळे बॉल आपल्या टेबलावर मारून दाखवतो, यवतमाळवाल्यांचं पितळ उघडं पाडतो.

संगीताच्या अंगाची लाही लाही झाली. हरला याचं तिला काही नव्हतं. दिलेला शब्द असा थुंकी गिळल्यासारखा गिळला, याची चीड होती. रविवारी सकाळी तो दोस्तांना बोलवायला दिग्रसला गेला, तशी तिनं भावाला, जीपवाल्या गुलाबसिंगला, फोन लावला. "भिया, तुझा जॅक घेऊन ये. आन् गवंड्याची पाणसळ घेत ये."

गुलाबसिंगनं मोरीकडचे पाय उचलले, खाली पत्रे सारले आणि पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला तेव्हाच जॅक सोडला.

दुपारी हॉल गच्च भरला. इंद्रजितनं मोजा चढवला, स्टिक लोळवली, वाकला. दोन बोटं. बॉल कडेला थडकला. दुसरा तसाच.

"तीन धरा, वस्ताद," अमर म्हणाला. तीन धरली, तर बॉल आणखीच लांब गेला. दिग्रसचे दोस्त फिदीफिदी हसायला लागले. इंद्रजितच्या कानशिलांवर घाम आला. शेवटी त्यानं स्टिक आपटली.

"हेही टेबल बिघडलं! भंगार झालं, भंगार!"

संगीता गल्ल्यावरून उठली. "सगळ्यायनं आयकलं ना? वस्तादच म्हणते भंगार. अमर, धर रे तिकडून."

अमरनं गुरूकडे पाहिलं. गुरू हातातला मोजा काढायला लागला. टेबल चांगलं म्हणावं तर हे बॉल कोणी चुकवले? बिघडलं म्हणावं तर ते उचललंच पाहिजे. पोरांनी स्क्रू सोडवले आणि टेबलाच्या जड दगडी पाट्या एकेक करून बाहेर नेल्या.

आता हॉलमध्ये कांडप धडधडतं. पार बोरी अरब गावापासून बायका येतात. इंद्रजित दाराशी खुर्ची टाकून बसतो आणि मिरची किती वाळवावी, देठ कसे खुडावेत, याचं शास्त्र त्यांना सांगतो. बायका त्याच्या डोक्यावर पोतं देतात आणि म्हणतात, "तोंड मिटून ने बाप्पा, ठसका लागन."