महानंदाचं शेवटचं लुगडं

वीरभद्रमामा आमच्या निलंगा तालुक्यातल्या शिवेवरच्या गावचे. उभ्या जन्मात त्यांनी बैलावरही हात उगारला नव्हता. एकवीस साली त्यांची बहीण महानंदा साप चावून वारली. तिचं सासर ओढ्यापलीकडं, कर्नाटकात. सवाष्णीला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, म्हणून मामा हिरवं लुगडं घेऊन शिवेवरच्या कर्नाटकच्या नाक्यावर गेले. करोनाच्या रिपोर्टाशिवाय तिथं कुणाला पलीकडं सोडत नव्हते. मामांनी तपासणी सकाळीच केली होती, पण रिपोर्ट तीन दिवसांनी मिळणार होता आणि माती तर दुपारीच होती.

“तुम्ही नाही, लुगडं जाईल,” नाक्यावरचा माणूस म्हणाला आणि त्यानं लुगड्यावर जंतुनाशकाचा पंप मारला. बघता बघता हिरवा रंग उडून ते पांढरं पडलं.

“आरं, तिचा नवरा जित्ता हाय,” मामा म्हणाले आणि तोच पंप हिसकावून त्यांनी त्याच्या तोंडावर हाणला. दात पडले, नाक फुटलं, तरी ते हाणतच राहिले. मग नाक्यावरच्या चौघांनी काठ्यांनी मामांचा हात दोन ठिकाणी मोडला. तो अजून सरळ होत नाही. नियम काढणाऱ्यांना साधा ओरखडाही नाही.

लुगडं तेवढं पलीकडं पोचलं. माहेरचं दुसरं काही नव्हतं, म्हणून महानंदाला तेच नेसवलं. खांदा द्यायला नवरा पुढं होता.